फिलिपिन्सची ३.१ टक्के बेकारी: तो आकडा काय मोजतो, काय मोजत नाही

"फिलिपिन्सकडून शिका. २०२० मध्ये तिथे १७ टक्के बेकारी होती, आज फक्त ३.१. एक कोटी माणसे परदेशी पाठवली, उरलेल्यांना कॉल सेंटरात नोकऱ्या दिल्या. आज तिथे काम मागेल त्याला काम आहे."

रोजगाराचा विषय निघाला की हा मजकूर, थोडेफार शब्द बदलून, कुणीतरी पुढे ढकलतोच. यातले बरेच आकडे कुठल्या ना कुठल्या सरकारी पत्रकातूनच आलेले आहेत. म्हणूनच तो पटकन पटतो, आणि म्हणूनच त्याचा एकेक तुकडा सोडवून बघावा लागतो.

"१७ वरून ३.१."

१७.६ टक्के हा एप्रिल २०२० चा आकडा. मार्चच्या मध्यापासून मनिलासह अख्खे लुझोन बेट टाळेबंदीत होते. जीपनी, म्हणजे तिथल्या छोट्या प्रवासी गाड्या, बंद, बाजार बंद, बांधकामे बंद. अशा महिन्यात पाहणी झाली आणि ७० लाखांहून जास्त माणसे बेकार निघाली. त्या खड्ड्यातून मोजायला सुरुवात केली तर कुणाचीही चढाई डोंगराएवढी दिसेल. तुलना करायचीच असेल तर महामारीच्या आधीच्या वर्षाशी करावी. २०१९ ची सरासरी बेकारी ५.१ टक्के होती आणि २०२४ ची ३.८. ही सुधारणा खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण १७ वरून ३ आणि ५ वरून जेमतेम ४ या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ते ३.१ बघू. हा आकडा डिसेंबर २०२३, जून २०२४ आणि डिसेंबर २०२४ या महिन्यांत आला. फिलिपिन्समध्ये नाताळची लगबग सप्टेंबरपासूनच सुरू होते. डिसेंबरात दुकाने, मॉल, गोदामे, खानावळी आणि मालवाहतूक यांना जादा हात लागतात. सण सरला की ते हात मोकळे होतात. डिसेंबर २०२३ ला ३.१ असलेली बेकारी जानेवारी २०२४ मध्ये ४.५ झाली. पुढच्या वर्षी डिसेंबरचे ३.१ जानेवारी २०२५ मध्ये ४.३ झाले, म्हणजे एका महिन्यात बेकारांची संख्या सुमारे १६ लाखांवरून साडेएकवीस लाखांवर गेली. जून २०२४ नंतरच्या जुलैतही दर ४.७ होता. पाहणीची घडणही समजून घ्यायला हवी. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाची श्रमशक्ती पाहणी २०२१ पासून दरमहा होते, पण जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चार महिन्यांत नमुना सुमारे ४४ हजार घरांचा असतो आणि बाकीच्या महिन्यांत सुमारे ११ हजारांचा. ज्या तीन महिन्यांत ३.१ आले, ते तिन्ही लहान नमुन्याचे महिने आहेत. वर्षातला सर्वांत चांगला महिना उचलायचा आणि त्याला 'आज' म्हणायचे, हे बरोबर नाही.

"काम मागेल त्याला काम आहे."

माझा खरा आक्षेप या वाक्यावर आहे.

पाहणीत विचारतात, मागच्या आठवड्यात किमान एक तास काम केले का? उत्तर हो असेल तर माणूस कामावर. ही काही फिलिपिन्सची लबाडी नव्हे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे मापच तसे आहे आणि आपल्याकडच्या पाहणीतही चालू आठवड्याचा हिशोब याच एका तासावर चालतो. घरच्या सारी-सारी दुकानात, म्हणजे घराच्या खिडकीतून चालणाऱ्या छोट्या किराणा दुकानात, आईला मदत करणारा मुलगा पगार न घेताही कामावर धरला जातो. असे बिनपगारी घरचे कामगार एकूण कामकऱ्यांत सात-आठ टक्के आहेत. स्वतःचा बारीकसारीक धंदा करणारे जवळपास सत्तावीस टक्के.

नेग्रोस बेटाचे उदाहरण घ्या. ते फिलिपिन्सचे साखरेचे बेट. तोडणी आणि गाळप संपले की पुढचा हंगाम लागेपर्यंतच्या महिन्यांना तिथे स्पॅनिश काळापासूनचा शब्द आहे, 'तिएम्पो मुएर्तो', म्हणजे मेलेला काळ. शेजारच्या पनाय बेटावरून हंगामापुरते येणारे तोडणी कामगार 'सकादा' म्हणून ओळखले जातात. बीड-पाथर्डीकडून कोयता घेऊन निघणारी जोडपी ज्याने पाहिली आहेत, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. या मेलेल्या काळात माणूस घरी बसून राहत नाही, कारण बसून भागत नाही. तो दोन दिवस मासे धरतो, एक दिवस कुणाची मोटारसायकल भाड्याने फिरवतो, एखाद्या दुपारी सिमेंटच्या गोण्या उतरवतो. पाहणीच्या कागदावर तो बेकार नाही. आपण मात्र त्यालाच 'काम मिळालेला' म्हणून मिरवतो.

म्हणून बेकारीच्या शेजारच्या रकान्यात बघायचे, अर्धबेकारीच्या. काम आहे पण पुरत नाही, आणखी तास हवेत किंवा जोडकाम हवे असे जे स्वतः सांगतात, ते अर्धबेकार. २०२४ मध्ये त्यांचे प्रमाण कामावर असलेल्यांत ११.९ टक्के होते, म्हणजे साधारण ५८ लाख माणसे. बेकारांच्या जवळजवळ तिप्पट. पुढे ढकलल्या जाणाऱ्या मजकुरात यांच्याबद्दल एक अक्षरही नसते.

बेकार राहायलाही ऐपत लागते. फिलिपिन्समध्ये सामाजिक सुरक्षेच्या २०१८ च्या कायद्याने नोकरी गेलेल्यांना भत्ता सुरू झाला, पण तो जास्तीत जास्त दोन महिन्यांचा, सरासरी पगाराच्या निम्मा आणि ज्यांची वर्गणी नियमित भरली गेली आहे त्यांनाच. रस्त्यावर तळलेली केळी विकणाऱ्या बाईच्या वाट्याला तो कुठून येणार? अशा देशात बेकारीचा दर कमी असतो, कारण मिळेल ते काम धरण्यावाचून माणसापुढे वाटच नसते.

ज्यांना पगारी नोकरी आहे त्यांचीही एक व्यथा आहे. कायद्याने सहा महिन्यांची उमेदवारी संपली की कामगाराला कायम करावे लागते. म्हणून अनेक मालक पाचव्या महिन्यातच करार संपवतात आणि त्याच जागेवर नवा माणूस घेतात. याला तिथे 'एंडो' म्हणतात. पाच महिने या मॉलमध्ये, पाच महिने त्या गोदामात, मग पुन्हा अर्ज आणि पुन्हा वैद्यकीय तपासणी. नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले रोड्रिगो दुतेर्ते यांनी २०१६ च्या प्रचारात एंडो बंद करण्याचे वचन दिले होते. संसदेने संमत केलेल्या नोकरीच्या शाश्वतीच्या विधेयकावर २०१९ मध्ये त्यांनीच नकाराधिकार वापरला. एंडोवरचा माणूस पाहणीत पूर्ण रोजगारात असतो, आणि सहा वर्षे काम करूनही कुठेच कायम नसतो.

"एक कोटी माणसे परदेशी पाठवली."

एक कोटीचा आकडा परदेशस्थ फिलिपिनोंसाठीच्या आयोगाच्या २०१३ च्या अंदाजातून आला आहे. त्यातले जवळपास निम्मे लोक अमेरिका, कॅनडासारख्या देशांत कायमचे स्थायिक झालेले आहेत. त्यांना कुणी 'पाठवले' नाही आणि ते परतायचेही नाहीत. करारावर परदेशी काम करणाऱ्यांची संख्या सांख्यिकी प्राधिकरणाच्या पाहणीत २०१९ मध्ये सुमारे २२ लाख होती आणि २०२३ मध्ये २१.६ लाख. म्हणजे ती वाढलेलीच नाही, मग बेकारी घटल्याचे श्रेय तिला कसे जाईल? शिवाय ही माणसे देशातल्या श्रमशक्तीच्या हिशोबात धरतच नाहीत.

त्यांनी घरी पाठवलेल्या पैशाचे मोल मोठे आहे. २०२४ मध्ये बँकांमार्फत सुमारे साडेचौतीस अब्ज डॉलर आले. पण या कामगारांत निम्म्याहून जास्त बायका आहेत आणि त्यांतल्या फार जणी सौदी, हाँगकाँग, कुवेतमध्ये दुसऱ्यांची घरे झाडतात, दुसऱ्यांची मुले सांभाळतात. त्यांची स्वतःची मुले आजीकडे वाढतात. रत्नागिरीत किंवा गोव्यात ज्यांच्या घरचे कुणी 'शिपवर' आहे त्यांना विचारा. त्यांच्या जहाजावर फिलिपिनो खलाशी हमखास असतो, आणि नऊ महिने घराबाहेर राहण्याची किंमत त्या दोघांनाही ठाऊक असते. तिला रोजगार धोरणाचे यश म्हणून सांगताना जीभ अडखळायला हवी.

"उरलेल्यांना कॉल सेंटरात."

हे गणित एका ओळीत सुटते. कॉल सेंटरांसह परदेशी कंपन्यांची कामे करणाऱ्या एकूण सेवा उद्योगात २०२४ मध्ये सुमारे १८ लाख लोक होते आणि देशात कामावर असलेले सुमारे ४ कोटी ९० लाख. शंभरात चारही नाहीत. आवाजी सेवांत फिलिपिन्सने २०१० च्या सुमारास भारताला मागे टाकले, म्हणून तो उद्योग पुण्या-मुंबईतून ठळक दिसतो, एवढेच. शेती-मासेमारीत अजूनही पाचातला एक जण आहे आणि घाऊक-किरकोळ व्यापारातही जवळपास तितकेच.

याच मजकुराखाली कुणीतरी चिडून लिहितो, "आकडेच बनावट आहेत." तेही मला मान्य नाही. जुलै २०२० मध्ये 'सोशल वेदर स्टेशन्स' या खासगी पाहणी संस्थेने प्रौढांमधली बेकारी ४५.५ टक्के सांगितली, तर सरकारी आकडा त्याच महिन्यात १० टक्के होता. दोघांचे प्रश्न वेगळे, व्याख्या वेगळ्या. एक संस्था माणसाला विचारते की सध्या तुला काम आहे का, दुसरी त्या आठवड्यातला एखादा तासही मोजते. २००५ च्या एप्रिलपासून सरकारी व्याख्याही बदलली. काम करायला तयार असणे ही अट आली, त्याआधी ११ टक्क्यांच्या आसपास असलेला दर पटकन खाली आला. त्यामुळे २००४ आणि २०२४ शेजारी-शेजारी ठेवणारे तक्ते, मग ते कौतुकाचे असोत की टीकेचे, बाजूला सारावेत.

आणि 'आज' या शब्दाबद्दल. जुलै २०२५ मध्ये पावसाने आणि वादळांनी फिलिपिन्सला झोडपले. बेकारी ५.३ टक्क्यांवर गेली आणि अर्धबेकारी १४.८ वर. सर्वाधिक कामे शेतीतली गेली. वर्षभर 'कामावर' म्हणून मोजल्या गेलेल्या लाखो माणसांचे काम एका पावसाळी महिन्यात नाहीसे झाले.