ब्रेक ऑइल हे ऑइल नव्हे

ज्या कोणी ब्रेकमधल्या द्रवाला ‘ऑइल’ म्हणण्याची प्रथा पाडली, त्याच्या गळ्यात माझ्या ट्रकमधून निघालेल्या काळ्या, फुगून लिबलिबीत झालेल्या रबरी कपांची माळ घालावी, एवढा संताप मला या घडीला आलेला आहे. डॉट-३ काय आणि डॉट-४ काय, ब्रेकच्या द्रवाच्या या दोन्ही प्रती ग्लायकॉल नावाच्या रसायनाच्या जातीच्या असतात. हे द्रव पाण्यात विरघळतात, आणि खनिज तेलाशी त्यांचे सात जन्मांचे वैर असते. पण बाटलीवर काहीही छापलेले असो, गॅरेजात आणि दुकानात सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच, ‘ब्रेक ऑइल’. मग ते ऑइल असेल तर डब्यातले दुसरे एखादे ऑइल का चालू नये, असा विचार करणाऱ्या माणसाला पुरते मूर्ख तरी कसे म्हणावे?

आमचा ट्रक म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बांधलेली जुनी फार्गो. आजोबांनी तिच्यातून चिरे आणि कौले वाहिली. आता ती चिपळूणला पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि महिन्यातून एकदोनदा बाहेर निघते. तिच्या ब्रेकची रचना अगदी साधी आहे: पेडल दाबल्यावर द्रव पुढे ढकलणारा एक मास्टर सिलिंडर, त्यात एकच कप्पा, आणि तिथून चारही चाकांपर्यंत गेलेले नळ्यांचे एकच जाळे. आजच्या गाड्यांसारखे दोन स्वतंत्र मार्ग तिला नाहीत, त्यामुळे एखादी नळी फुटली किंवा एका चाकातल्या सिलिंडरचा, म्हणजे व्हील सिलिंडरचा, द्रव अडवणारा रबरी कप फाटला, तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अशा गाडीच्या ब्रेकला हात लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, ही अपेक्षा फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर ब्रेकच्या द्रवाच्या टाकीतली पातळी थोडी उतरलेली दिसली. मी गावी नव्हतो, आणि ज्या गॅरेजात गाडी नेली तिथल्या मिस्त्रीने जॅकमध्ये घालायचे हायड्रॉलिक ऑइल ओतून टाकी भरली. चौथ्या दिवशी मी कराडला जायला निघालो. कुंभार्ली घाट चढताना गाडी जड वाटू लागली. चढ आहे, वय झाले आहे, असे म्हणून मी रेटत राहिलो. कोयनानगरपाशी मात्र पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघू लागला आणि ड्रमवर घासणाऱ्या जळक्या ब्रेक लायनरचा तो उग्र वास केबिनमध्ये भरला. झाले होते ते असे की, मास्टर सिलिंडरमध्ये पेडल सोडल्यावर दाब परत टाकीत जाण्यासाठी सुईच्या टोकाएवढे एक भोक असते. तेलाने फुगलेल्या कपाने ते बुजवून टाकले, दाब आतच कोंडला गेला आणि पायही न लावता ब्रेक लागलेलेच राहिले. चाकाजवळचे द्रव सोडायचे निपल सैल केल्यावर पिचकारी उडाली आणि चाके मोकळी झाली, पण त्या अवस्थेत गाडी पुढे नेणार कोण? टेम्पोला दोर बांधून घरी आलो. जाब विचारल्यावर मिळालेले उत्तर होते, “काका, ऑइल ते ऑइलच की.”

एकदा खनिज तेल आत गेले की नुसते काढून नवीन भरणे उपयोगाचे नसते, कारण ते रबरात मुरलेले असते. म्हणजे मास्टर सिलिंडरचा किट, चारही चाकांचे कप, तिन्ही होज पाईप, सगळेच बदलावे लागते आणि लोखंडी नळ्या स्पिरिटने धुवून काढाव्या लागतात. पन्नास रुपये वाचवण्याच्या या उद्योगाने अख्खे काम निघाले. बरे, काम निघालेच आहे तर ते नीट करावे, म्हणून मी दुसऱ्या गॅरेजात गेलो, आणि तिथे पहिल्याच तासात पोराने ड्रम उतरवून कॉम्प्रेसरच्या हवेने आतली धूळ फुर्रकन उडवली. त्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचा हिशेब वीस-तीस वर्षांनी चुकवावा लागतो. ओल्या फडक्याने पुसायला कितीसा वेळ लागतो? मी ओरडलो तर पोरगा हसला, आणि मालकाने मला चहा मागवला. ड्रम उतरवण्याच्या वेळी मी स्वतः हजर राहून ओले फडके हातात द्यायला हवे होते, हा माझाही गाढवपणाच.

नवे कप डिझेलने धुतलेल्या ताटलीत ठेवलेले पाहिले तेव्हा मात्र माझा तोल सुटला. डिझेल म्हणजेही खनिज तेलच; ज्या कारणासाठी एवढे सगळे उघडले, तेच कारण हा माणूस स्वतःच्या हाताने पुन्हा आत बसवत होता! तो किट मी तिथेच टाकून दिला, आणि दुसरा शोधताना बाजारातल्या दुकानांनी जो छळ केला त्याची कथा वेगळीच आहे. व्हील सिलिंडरचा व्यास इंचाच्या आठव्या हिश्शाने जरी चुकला तरी कप एक तर बसत नाही किंवा गळतो. पण काउंटरवरचा माणूस माप न बघताच “ॲम्बॅसडरचा बसेल” असे सांगून पाकीट पुढे सरकवतो. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले होते, ते पॉलिश पेपरने घासून जाणारे नव्हते. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे पितळी स्लीव्ह बसवून घेतल्या. या सगळ्या प्रकरणात आधी व्हर्नियर लावून माप घेऊन मग तोंड उघडणारा तो एकच माणूस मला भेटला.

आता उरला द्रव कोणता भरायचा हा प्रश्न, आणि इथे तर प्रत्येक जण तज्ज्ञ आहे. डॉट-३ कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो, डॉट-४ किमान २३० अंशांना. पण कोकणात कोरडे काय राहते? ग्लायकॉल हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. कुंभार्ली उतरताना गिअर टाकून न उतरता पाय ब्रेकवरच ठेवला, तर चाकाजवळचा द्रव उकळतो, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल थेट फळीला टेकते. हे ठाऊक असूनही दुकानदार शीतपेयाच्या जुन्या बाटलीतून सुटा द्रव मोजून देतात. ती बाटली किती दिवस उघडी होती, हे विचारले की तोच माणूस आपल्यालाच चिकित्सक म्हणतो.

ज्यांचे सगळे ज्ञान मोबाइलवरून येते, ते मला सिलिकॉनचा डॉट-५ भरायला सांगतात. तो पाणी ओढत नाही आणि रंग खात नाही, हे खरे. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी अमेरिकी सैन्याने १९८० च्या दशकात तो स्वीकारला, हेही खरे. पण तो पाणी विरघळवत नाही, याचा अर्थ आत शिरलेले पाणी सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके व्हील सिलिंडरमध्ये साचते आणि तिथे गंज धरते. त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात, त्यामुळे एअर काढता काढता जीव जातो आणि पेडल तरीही स्पंजासारखे लागते. शिवाय तो ग्लायकॉलमध्ये मिसळून चालत नाही, आणि आमच्याकडे रस्त्यात कोणीही टाकी उघडून काहीही ओतू शकतो, हे मी पुरते अनुभवलेले आहे. आणि ज्या शहाण्यांनी सिलिकॉनला ५ आणि ग्लायकॉलच्या नव्या द्रवाला ५.१ हा क्रमांक दिला, त्यांना दंडवतच घालावा. एका टिंबाने बदललेली ही दोन नावे म्हणजे चुकीला दिलेले आमंत्रण आहे.

मी सगळे रबर नवे घालून डॉट-४ ठरवला, तोही सीलबंद अर्ध्या लिटरच्या बाटलीतला, आणि दर पावसाळ्यानंतर तो पूर्ण बदलायचा. ओतताना चार थेंब केबिनच्या फळीवर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल, असेही मी बजावले होते. परवा गाडी पाहायला गेलो, तर फळीवरचा मूळचा हिरवा रंग वीतभर उडालेला होता, टाकीचे झाकण उघडे होते, वर पत्र्यातून पाणी ठिबकत होते, आणि पोरगा मला उत्साहाने सांगत होता, “काका, ऑइल थोडं कमी पडलं होतं, शेजारच्या गॅरेजातून आणून घातलंय.”