शिंग, किरणे आणि निळा चष्मा : एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ महाविद्यालयात मला भेटायला आले. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर त्यांनी तीस वर्षे काढली आहेत आणि त्यांचा मुलगा आमच्याकडे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शर्टाच्या खिशातून त्यांनी दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या : व्हॉट्सॲपवरचा एक संदेश उघडलेला मोबाईल आणि चष्म्याची १,८०० रुपयांची पावती. ‘‘सर, हे खरं आहे का? खरं असेल तर पोराचा मोबाईल आजच काढून घेतो,’’ मागावर काम केलेल्या माणसांच्या सवयीप्रमाणे ते मोठ्याने म्हणाले.

तो संदेश पालकांच्या गटांतून माझ्याकडेही चार-पाच वेळा आलेला होता. मोबाईलच्या किरणांनी मेंदूचा कर्करोग होतो. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळ्याचा पडदा जळून चाळिशीच्या आत अंधत्व येते आणि निळा प्रकाश अडवणारा चष्मा हाच त्यावर उपाय आहे. मान वाकवून तरुणांच्या कवटीला शिंग फुटू लागले आहे. उशाशी ठेवलेल्या मोबाईलच्या किरणांनी झोप उडते. आणि विद्यार्थ्यांच्या नैराश्याचे एकमेव कारण मोबाईल आहे, असे पाच दावे त्यात आहेत. मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. तरी पहिले दोन दावे माझ्याच विषयाच्या अंगणात येतात आणि बाकीच्यांना ज्या संशोधनाचा आधार दिला जातो, ते कोणालाही वाचता येण्याजोगे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनेच मोबाईलला कर्करोगकारक ठरवले आहे, असे संदेशात म्हटले आहे. संघटनेच्या ल्यों येथील कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात घातले, एवढे खरे. मात्र पुरावा तोकडा असला तरी शक्यता पुरती फेटाळता येत नाही, अशा गोष्टींसाठी हा गट आहे. पारंपरिक आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्या आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्यातच आहेत. गच्चीवरच्या कोरफडीच्या कुंड्या फेकून द्या, असा संदेश मला अजून कोणी पाठवलेला नाही. पुढे २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले, तेव्हा मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. दहा वर्षांहून अधिक काळ मोबाईल वापरणाऱ्यांतही तो आढळला नाही.

यात भौतिकशास्त्राला नवल वाटण्यासारखे काही नाही. क्ष-किरण धोकादायक ठरतात ते त्यांच्या एकेका कणात रेणूतला इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी ऊर्जा असते म्हणून. मोबाईलच्या लहरींच्या कणाची ऊर्जा इतकी कमी असते की, साध्या तांबड्या प्रकाशाच्या कणाची ऊर्जाही तिच्या लाखपटींहून अधिक भरते. या लहरींनी ऊती किंचित तापतात आणि त्या तापण्यालाच कायद्याने मर्यादा घातलेली आहे : भारतात १ ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून किलोग्रॅममागे १.६ वॅट. आपल्या मोबाईलवर *#०७# दाबले, तर बहुतेक वेळा त्या संचाचा आकडा समोर येतो. त्या गृहस्थांच्या मोबाईलवर तो दाबून दाखवल्यावर त्यांचा चेहरा थोडा सैलावला.

दुसऱ्या दाव्यावर अधिक थांबायला हवे, कारण त्यापायीच १,८०० रुपये गेले. २०१८ मध्ये अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या एका प्रयोगात डोळ्याला दिसण्यासाठी लागणारा रेटिनल नावाचा रेणू आणि निळा प्रकाश एकत्र आल्यावर पेशी मरत असल्याचे दिसले, आणि लगोलग ‘मोबाईलने अंधत्व’ असे मथळे छापून आले. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या होत्या, डोळ्याच्या पडद्यातून घेतलेल्या नव्हत्या. जिवंत डोळ्यात जे घडते त्याची ही नक्कल नाही आणि स्मार्टफोनच्या प्रकाशाने कोणी आंधळे होत नाही, हे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने तेव्हाच स्पष्ट केले. निळ्या प्रकाशाचा सर्वांत मोठा स्रोत आपल्या डोक्यावर आहे. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी सात रस्त्यावर उभे राहून मोबाईल उघडा. उन्हापुढे स्क्रीनवरची अक्षरे वाचता येत नाहीत, यातच दोन प्रकाशांच्या बळाचा फरक कळतो. चष्म्याबाबत वैद्यकीय पुरावा पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्याने १७ चाचण्या एकत्र पाहिल्या, आणि साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांवरचा ताण अल्पकाळात बहुधा कमी होत नाही, असा निष्कर्ष काढला.

मग मुलांचे डोळे चुरचुरतात ते खोटे का? अजिबात नाही. स्पर्धा परीक्षांच्या कोणत्याही अभ्यासिकेत दुपारी तीन वाजता जाऊन पाहावे. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे, आत पंखा पूर्ण वेगात आणि त्याचा कोरडा वारा थेट तोंडावर. वीतभर अंतरावरच्या मोबाईलवर व्याख्यान पाहणाऱ्या मुलाच्या पापण्या मी एकदा घड्याळ लावून मोजल्या. एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनकडे पाहताना हे प्रमाण ५ ते ७ वर येते. त्या मुलाने चारदाच मिटल्या. पापणी मिटली नाही की अश्रूंचा पातळ थर वाळतो, आणि जळजळ, लाली, धूसर दिसणे सुरू होते. स्क्रीन हातभर लांब ठेवणे, पंख्याखालची जागा बदलणे, दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी २० फुटांपलीकडे, म्हणजे खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे, पाहणे एवढ्याने बहुतेकांचे भागते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्यानेही भागले नाही किंवा डोके सतत दुखत असेल, तर नंबर तपासून घ्यावा. त्या गृहस्थांच्या मुलाचा नंबर चष्मा देताना कोणी तपासलाच नव्हता, हे मला पावती पाहिल्यावर कळले.

शिंगाची गोष्ट लवकर आटोपते. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी २०१८ मध्ये क्ष-किरण चित्रांत कवटीच्या मागच्या बाजूला हाडाची वाढ नोंदवली. पण ज्यांची चित्रे पाहिली ते मोबाईल किती वापरतात, हे मोजलेलेच नव्हते, आणि त्या लेखाला पुढच्याच वर्षी दुरुस्ती जोडावी लागली. मान अवघडते ती एकाच स्थितीत तासन्‌तास बसल्याने, आणि तेवढा वेळ मान खाली घालून पुस्तक वाचले तरी ती अवघडतेच.

झोपेच्या दाव्यात निरीक्षण बरोबर आहे, कारण चुकीचे आहे. बोस्टनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ जणांना काही रात्री झोपेआधी चार-चार तास टॅब्लेटवर, तर काही रात्री छापील पुस्तकातून वाचायला लावले. टॅब्लेटच्या रात्री झोप लागायला सरासरी सुमारे १० मिनिटे अधिक लागली. हा परिणाम प्रकाशाचा होता, लहरींचा नव्हे, आणि चार तासांनंतरही तो दहा मिनिटांचाच होता. वसतिगृहातली मुले साडेबाराला झोपायचे ठरवून अडीचला झोपतात, तेव्हा उरलेले एक तास पन्नास मिनिटे पुढच्या रीलने खाल्लेले असतात. ‘नाईट मोड’ लावून स्क्रीन पिवळी केली, म्हणून रील संपत नाही. या वयात ७ ते ९ तास झोप लागते, आणि सकाळी आठच्या तासाला डोळे मिटून बसणाऱ्यांची संख्या मला रोज दिसते. मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावणे हा उपाय मात्र संदेशातही आहे, आणि चुकीच्या कारणासाठी सांगितलेला असला तरी तो उपयोगी आहे.

नैराश्याच्या दाव्यात ‘एकमेव’ हा शब्द घातक आहे. २०१९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीचे विश्लेषण झाले; त्यात मानसिक स्वास्थ्यातल्या फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांशी लावता आला. नियमित बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तितकाच निघाला आणि चष्मा लावण्याचा त्याहून अधिक. ही मुले आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान आणि परदेशातली आहेत, शिवाय कोणी रात्रंदिवस काय पाहतो यालाही महत्त्व आहेच. तरीही खचलेला मुलगा मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो, की मोबाईलमुळे खचतो, हे अशा पाहण्यांतून ठरत नाही. अशा मुलाचा मोबाईल काढून घेऊन घरच्यांनी आपले काम झाले असे मानले, तर फी, नापास झालेला विषय किंवा घरातले भांडण तसेच राहते.

आणि ज्या अवयवाबद्दल खरोखर बोलायला हवे, त्याचे नावही या संदेशात नाही. केगावला विद्यापीठाकडे जाणाऱ्या बसमध्ये इंजिनाचा आवाज दाबण्यासाठी मुले इअरफोनचा आवाज शेवटपर्यंत चढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते. अंतर्कर्णातल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि त्या मरताना दुखत नाही. बसमध्ये आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवावा आणि शेजारच्याला आपले गाणे ऐकू येत असेल तर लगेच कमी करावा. यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो, आणि तिथे कोणी तीस वर्षे काढली की काय होते, हे पूर्व भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्याच्या इअरफोनमधला ठेका मला दारातूनच ऐकू येत होता. त्याच्या वडिलांना तो येत नव्हता, आणि हे सगळे सांगताना मला प्रत्येक वाक्य दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने, म्हणावे लागले.