नळीवरचं साल म्हणजे बंदुकीचं जन्मसाल नव्हे

घरातल्या जुन्या बंदुकीच्या नळीवर जे साल कोरलेलं असतं, त्याच साली ती बनली, असा एक मेसेज फिरतोय. सोबत विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या '९४' मॉडेलच्या रायफलचा फोटो, 'ऑगस्ट २१, १८९४' या अक्षरांभोवती लाल गोल. फोटो खरा असेलही, पण निष्कर्ष चुकीचा आहे.

ती तारीख पेटंटची. जॉन ब्राउनिंग यांच्या या रचनेला त्या दिवशी पेटंट मिळालं आणि कंपनीने पुढे वर्षानुवर्षं तीच तारीख नळ्यांवर ठोकली. या मॉडेलचं अमेरिकेतलं उत्पादन थेट २००६ मध्ये थांबलं. म्हणजे आजोबांची म्हणून मिरवली जाणारी रायफल आजोबांच्या म्हातारपणीचीही असू शकते! कोल्टच्या 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हरवरही १८७१, १८७२ आणि १८७५ ही पेटंटचीच सालं दिसतात. एकाच बंदुकीचा जन्म तीनदा कसा होईल?

खरं वय सांगतो तो अनुक्रमांक. विंचेस्टर ९४ मध्ये तो रिसिव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या भागाच्या, खालच्या अंगाला, पुढच्या बाजूला असतो. गंज खरवडायला जाऊ नका. तेलाचा बोळा फिरवा आणि तिरका उजेड पाडून वाचा. जुन्या क्रमांकांच्या कारखान्यातल्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे आहेत.

हा निव्वळ हौसेचा वाद नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटिक' धरतात. तिथे पेटंटचं साल दाखवून भागत नाही.