झोपलेल्या कुत्र्याच्या कानात सेल्फी स्टिक कशाला खुपसता?

अहो, झोपला होता ना तो! कोणाच्या अध्यात ना मध्यात. इस्तंबूलच्या सुलतानअहमत चौकात, उन्हाने तापलेल्या फरशीवर एक थोराड, बिस्किटी रंगाचा म्हातारा कुत्रा पाय ताणून पडला होता. तिथली माणसं त्याला मुकाट वळसा घालून जात होती. आणि आमच्या टूरमधले दोन चांगले शिकलेले बाप्ये रील काढायचं म्हणून सेल्फी स्टिकने त्याचा कान उचकटत होते!

त्या कानाला नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला होता. म्हणजे पालिकेने त्याची नसबंदी केलीय, लस टोचलीय. गाइडने बसमध्येच सांगितलं होतं, पण ऐकतंय कोण? सगळे नाश्त्यावरून कुरकुरण्यात दंग.

शेवटी कुत्रा उठला आणि एकदाच भुंकला. झालं! "चावरं आहे हे, कंप्लेंट करा!"

इथे माझं डोकं फिरलं. २००४ च्या कायद्याने तिथे कुत्रा पकडून, नसबंदी करून, लस देऊन जिथून उचलला तिथेच परत सोडायचे. जुलै २०२४ मध्ये संसदेने तो बदलला. आता उचलून निवाऱ्यात डांबायचं, आणि आक्रमक ठरला तर मारायचीही मुभा. सरकारचाच तेव्हाचा अंदाज चाळीस लाख कुत्र्यांचा आणि निवाऱ्यांत जागा होती जेमतेम लाखभर! बाकीच्यांचं काय करणार? १९१० मध्ये याच शहरातले हजारो कुत्रे बोटींत भरून सिव्रीआदा या ओसाड बेटावर नेऊन टाकले होते. अन्नपाण्यावाचून तडफडून मेले बिचारे.

तिथल्या रहिवाशांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पोरांना कुत्रे चावलेत, कुत्र्यांपायी अपघात झालेत. त्यांनी जरूर भांडावं. पण तुम्ही चार दिवसांचे पाहुणे! आधी खोडी काढायची आणि वर त्यालाच आक्रमक ठरवायचं? त्याच्या जिवावर बेतेल हो तुमची कंप्लेंट!

टूर मॅनेजर मला म्हणतो, "मॅडम, सोडून द्या, गेस्ट आहेत." अरे, मग त्यांना आवरायचं काम कोणाचं?

रात्री ग्रुपवर रील आलंच, "इस्तंबूलचे खतरनाक कुत्रे". स्टिकने डिवचलेला भाग कापून टाकलेला, नुसतं भुंकणं ठेवलेलं. खाली अंगठ्यांची रांग. डिलीट करा म्हटलं, तर मलाच "वहिनी, चिल!"