फोटोबुक झालं म्हणून मूळ प्रिंट रद्दीत घालू नका

सध्या फिरणारा एक मेसेज सांगलीच्या आत्यापर्यंत पोहोचला आणि तिने आजोबांचे ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट थेट रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले. मेसेज म्हणतो: पुस्तकात छापलेला फोटो आणि मूळ प्रिंट यांत काही फरक नसतो, पुस्तकात उलट काळा रंग जास्त खुलतो, जुने प्रिंट खराब होणारच, तेव्हा मोबाइलने स्कॅन करा, फोटोबुक छापा आणि मूळ प्रिंट काढून टाका.

फरक नसतो? भिंग घ्या आणि छापील पानावर धरा. ठिपके दिसतील. छटांचा तो निव्वळ भास असतो. ब्रोमाइड प्रिंटमध्ये, म्हणजे डार्करूममध्ये निगेटिव्हवरून काढलेल्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये, जिलेटिनच्या थरात चांदीचे बारीक कण असतात, त्यामुळे छटा सलग उतरत जाते. आजोबांच्या एका प्रिंटमध्ये आजी चंद्रकळा नेसून बसली आहे. प्रिंट खिडकीशी जरा तिरका धरला की त्या काळ्यातही निऱ्या मोजता येतात. आत्याच्या फोटोबुकात तिथे नुसतं सपाट काळं आहे.

काळा खुलतो हे अर्धं खरं, तेवढं मान्य करतो. काळी आणि राखाडी अशा दोन शायांत, चांगल्या कागदावर छापलेलं पान पिवळ्या पडलेल्या प्रिंटपेक्षा उजवं दिसू शकतं. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांचं १९५२ चं ग्रॅव्ह्यूरमध्ये (कोरलेल्या धातूच्या पृष्ठावरून शाई उतरवणाऱ्या छपाईत) छापलेलं पुस्तक तर स्वतःच जपून ठेवावं असं आहे. पण ती करामत छापखान्यातल्या जाणकारांची. मोबाइलच्या स्कॅनमधून ती येत नाही.

आता ‘काढून टाका’. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला आणि त्या एकाच निगेटिव्हवरून पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश राखाडी आहे, नंतरच्यांत जवळजवळ काळं. ॲडम्स पियानो शिकलेले. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे वादन, असं ते म्हणत. म्हणजे प्रत्येक प्रिंट हा डार्करूममध्ये उभ्या माणसाने घेतलेला निर्णय असतो. आमच्या घाटाच्या फोटोमागे आजोबांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘आकाश ४ सेकंद जास्त’. तेवढा वेळ बाकीचा कागद हाताने झाकून, फक्त आकाशावर जास्त उजेड पाडून त्यांनी ते ढग आणले. आत्याने स्कॅन फक्त पुढची बाजू केली होती.

खराब होतात म्हणे! हायपो, म्हणजे प्रिंट पक्का करायचं रसायन, नीट धुतला असेल आणि ओल लागली नाही, तर हे प्रिंट शंभर वर्षं सहज काढतात. फोन मात्र आपण दर तीन-चार वर्षांनी बदलतो.

आत्या, गठ्ठा बांधला असशील तर सोड. प्रिंट कडेने धर, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नकोस, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर मुळीच ठेवू नकोस. निगेटिव्हची पाकिटं बाजूला काढ. शनिवारी मी न्यायला येतोय.