श्रीमंत करणारी चकती

काही लोकांचे छंद पाहुण्यांना दाखवता येतात. माझ्याकडे दाखवायला डबाभर हिरवट, खडबडीत चकत्या आहेत. मी त्यांना नाणी म्हणतो. घरातले इतर काय म्हणतात ते इथे लिहिण्याजोगं नाही.

तिकडे इंग्लंडात हौशी मंडळी मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेली शेतं तुडवत असतात. यंत्र किंचाळलं की गुडघे टेकून खणायचं. निघतं बहुधा बटण, शिशाचा तुकडा, नाहीतर शीतपेयाच्या डब्याची कडी. ही कडी आणि सोन्याची अंगठी यंत्राला जवळपास सारख्याच वाटतात, म्हणून प्रत्येक कडी खणावीच लागते. काही चांगलं सापडलं तर ते कोण विकतंय? उरलेला गाळ ‘न धुतलेला लॉट’ म्हणून विकायला निघतो, आणि तो घ्यायला मी टपलेलाच असतो.

पहिल्या लॉटला मी लिंबाचा रस आणि ब्रश लावला. तासाभरात तांब्याचं नाणं असं लखलखलं की त्यात माझा चेहरा दिसायला लागला. राजाचा तेवढा दिसेनासा झाला. मग कळलं, की शेकडो वर्षं मातीत पडलेल्या तांब्याचा वरचा भाग गंजाचा थर होऊन बसतो, आणि राजाचं नाक, मुकुट, अक्षरं जे काही उरलेलं असतं ते त्या थरातच. थर गेला, राजा गेला. एका दुपारी मी असे चार राजे संपवले.

तेव्हापासून अहिंसेचा मार्ग. नाणी डिस्टिल्ड पाण्यात भिजत घालायची, पाणी बदलत राहायचं, आणि भिंगाखाली दात कोरायच्या काडीने कणाकणाने माती काढायची.

“अहो, या वाटीत काय आहे?”

“इतिहास.”

“मग तो दुसऱ्या वाटीत ठेवा.”

दुसऱ्या लॉटमधून एक टोकन निघालं. इंग्लंडात सुट्या पैशांची इतकी मारामार होती की १६४८ ते १६७२ या काळात दुकानदारांनी स्वतःचीच टोकनं पाडून घेतली. १६७२ मध्ये सरकारी तांब्याची फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, आली आणि हा खाजगी कारभार बंद पडला. अशा टोकनावर दुकानदाराचं नाव, गाव आणि बऱ्याचदा तीन आद्याक्षरं असतात : वर आडनावाचं, खाली नवऱ्याचं आणि बायकोचं. हे मी घरी कौतुकाने सांगितलं, ही चूक झाली. “बघा, त्या माणसाने बायकोचं नाव पैशावर घातलं,” असं मला त्या आठवड्यात तीनदा ऐकावं लागलं.

पण खरा छळ केला तो एका पातळ पितळी चकतीने. तीन आठवडे वाटीत. मग एका बाजूला मधोमध फूल दिसलं आणि त्याभोवती मुकुट! मुकुट म्हणजे राजघराणं. मी जेवताना जाहीर करून टाकलं. कुणी घास थांबवला नाही. त्यानंतर रात्री दिवे मालवून, टॉर्च आडवा धरून कडेची अक्षरं वाचणं. आडव्या उजेडात झिजलेली अक्षरंही सावली टाकतात. फक्त धरणारा माणूस पलंगाखाली काही हरवल्यासारखा दिसतो. रोज एखादं अक्षर लागायचं, आदल्या दिवशीची दोन चुकीची ठरायची.

शेवटी नाव लागलं : हान्स क्राउविंकेल, न्यूर्नबर्ग. राजा नव्हे, जर्मन शहरातला कारागीर. १५८६ ते १६३५ या काळात त्याने अशा चकत्यांचे ढीग पाडले. त्या युरोपभर जात, कारण रेघा मारलेल्या पटावर त्या सरकवून लोक हिशेब करत. म्हणजे पैसे मोजायची वस्तू, पैसा नव्हेच. तिने कधी साधा पावही विकत घेतला नसणार. दुसऱ्या बाजूला जर्मनमध्ये कोरलं होतं : ‘देवाचा आशीर्वाद श्रीमंत करतो.’ माझा खर्च आठवून मी ते परत एकदा वाचलं.

“म्हणजे ही सोंगटी?” मुलीने विचारलं.

“तसं म्हणायला हरकत नाही. पण चारशे वर्षं जुनी.”

ती उठली आणि लुडोचा पट घेऊन आली. त्यातली एक पिवळी सोंगटी बरेच दिवस हरवलेली होती. परवा क्राउविंकेलने मला घराच्या तोंडाशी दोनदा मारलं.