परत सासरच्यांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर जाणार नाय
रविवारी सकाळी सहाला निघायचं ठरलेलं. सहाला! निघालो साडेदहाला, कारण आधी मेहुण्याला मिसळ पाहिजे, मग बायकोच्या मावशीला कंदी पेढे पाहिजेत (येताना घेऊ म्हणलं तर म्हणे संपले तर? साताऱ्यात पेढे संपतात का कधी), मग धाकट्याचा एकच बूट सापडतोय. गड गावाच्या उशाला, गाडी पार दरवाज्यापर्यंत जाते, तरी ही तऱ्हा.

वर गेलो तर ऊन डोक्यावर. तरी मी हौसेनं पोरांना मंगळाईच्या बुरुजाकडं नेलं, म्हणलं बघा, १७०० साली खुद्द औरंगजेब खाली तळ देऊन बसलेला, चार महिने झाले गड काय पडंना, मग तटाखाली सुरुंग लावले, पहिल्याच्या ढिगाऱ्यात किल्लेदार प्रयागजी प्रभू गाडला गेला तरी जिता निघाला, आन दुसरा सुरुंग उडाला तो तट घेऊन मोगलांच्याच अंगावर... तेवढ्यात मेहुणा, 'दाजी जरा सरका, फ्रेममध्ये येताय.'

च्यायला! चार महिने औरंगजेबाला जमलं नाय ते यानं एका रीलसाठी केलं, बुरुज खाली केला.

थोरली विचारतीय पप्पा पुढं काय झालं, आन हिकडं ह्याचं परत एकदा, परत एकदा, अकरा टेक.

मग तळ्यापाशी वेफर खाल्ले आन मोकळा पुडा दिला सोडून पाण्यात. बोललो तर म्हणे, 'आधीच एवढे पडलेत दाजी, एकानं काय होतंय.' अरे गडावर काय नळ होता का, पावसाचं पाणी साठवून माणसं जगायची, वेढ्यात हीच तळी होती! काठीनं काढायला गेलो तर बायको माझ्यावरच डाफरली, माझ्या माहेरच्यांसमोर तमाशा करू नका म्हणून. तमाशा मी करतोय!!

दक्षिण दरवाज्याकडनं समोर सज्जनगड दिसतो, तो दाखवायचा राहिलाच. का तर मावशींचे पाय दुखायले. मग काय, गाडीत एसी लावून पेढे खात बसलो, गडावर येऊन.

आन रात्री मेहुण्याचं स्टेटस बघतोय तर फेटा बांधून फोटो, 'गडकोट हाच आपला श्वास'. मागं तळं. तळ्यात पुडा तरंगतोय. बायकोनं खाली तीन बदाम टाकलेत.